बळवंत संगीत मंडळी: तबकड्यांत उरलेलं एक नाट्ययुग

१९३१ साली ‘संन्यस्त खड्ग’ हे संगीत नाटक मराठी रंगभूमीवर आलं. लेखक विनायक दामोदर सावरकर, संगीत रामकृष्णबुवा वझे यांचं, आणि नाटक सादर करणारी कंपनी मास्टर दीनानाथ मंगेशकरांची बळवंत संगीत मंडळी. लेखक त्या वेळी रत्नागिरीत स्थानबद्ध होते. १९२४ च्या जानेवारीपासून १९३७ पर्यंत सरकारी परवानगीशिवाय रत्नागिरी जिल्ह्याची हद्द ओलांडायला त्यांना मनाई होती. ‘उःशाप’ (१९२७), ‘संन्यस्त खड्ग’ (१९३१) आणि ‘उत्तरक्रिया’ (१९३३) ही त्यांची तिन्ही नाटकं याच काळातली. लेखक जिल्ह्यात अडकलेला, पण त्याची पदं मात्र कंपनीबरोबर गावोगाव गेली आणि पुढे लाखेच्या तबकड्यांवर कोरली जाऊन घराघरांत पोचली.

आज त्या प्रयोगातलं काय शिल्लक आहे? पडदे, पोशाख, दिवे काही नाही. ते पाहिलेला प्रेक्षकही नाही. छापील संहिता आहे, आणि दीनानाथांच्या आवाजातल्या काही ध्वनिमुद्रिका आहेत. रंगमंचावर रात्र रात्र चालणाऱ्या एका मोठ्या कंपनीचा जिवंत पुरावा म्हणून तीन-तीन मिनिटांचे हे तुकडेच आपल्या हाती आहेत. त्यातले मोजके तुकडे एलपी, कॅसेट, सीडी अशा प्रत्येक नव्या रूपात पुन्हा पुन्हा निघाले आणि सर्वांना पाठ झाले. बाकीच्या तबकड्या संग्राहकांच्या कपाटांत आणि जुन्या घरांच्या माळ्यांवर राहिल्या. माझं म्हणणं असं की त्या काळच्या नाट्यगायनाचं खरं चित्र पाहायचं असेल तर या मागे राहिलेल्या तबकड्यांकडेच जायला हवं. गाजलेली गाणी फक्त शिखरं दाखवतात.

नाटक कंपनी म्हणजे त्या काळचा लोकप्रिय गायकवृंदच होता. दीनानाथांचा जन्म २९ डिसेंबर १९०० चा, गोव्यातल्या मंगेशीचा. लहानपणी बाबा माशेलकरांकडे गाण्याचे धडे घेऊन ते किर्लोस्कर नाटक मंडळीत आले. १९१८ मध्ये, म्हणजे वयाची अठरा वर्षंही पुरी झालेली नसताना, ते तिथून बाहेर पडले आणि चिंतामणराव कोल्हटकर व कृष्णराव कोल्हापुरे यांच्यासोबत त्यांनी बळवंत संगीत मंडळी उभी केली. चिंतामणराव गद्य भूमिकांचे मोठे नट. त्यांच्या ‘बहुरूपी’ या आत्मचरित्रात हा सगळा काळ आतून पाहायला मिळतो, आणि मराठी रंगभूमीवर प्रेम असणाऱ्याने ते पुस्तक वाचायलाच हवं.

राम गणेश गडकऱ्यांनी मृत्यूच्या अगदी आधी पूर्ण केलेलं ‘भावबंधन’ या कंपनीने रंगमंचावर आणलं. गडकरी जानेवारी १९१९ मध्ये गेले, त्यांना तो प्रयोग दिसला नाही. त्या नाटकातल्या लतिकेच्या नावावरून दीनानाथांच्या थोरल्या मुलीचं हेमा हे नाव बदलून लता झालं. वीर वामनराव जोशी यांचं ‘रणदुंदुभी’ १९२७ चं. १९३३ मध्ये विश्राम बेडेकरांचं ‘ब्रह्मकुमारी’ आलं. शिवाय कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं ‘मानापमान’ होतंच. ते मूळचं १९११ चं, किर्लोस्कर मंडळीचं. त्यातली गोविंदराव टेंबे यांच्या चालींची पदं प्रत्येक कंपनी आपापल्या ढंगाने गायची. एकाच नाटकातली पदं बालगंधर्व, केशवराव भोसले आणि दीनानाथ तीन वेगळ्या वाटांनी गात असत, आणि प्रेक्षक त्या तिघांसाठी तीन वेळा तिकीट काढत.

बालगंधर्वांच्या गाण्यात लाडिक गोडवा आणि लयीशी खेळणारी सहजता होती. केशवरावांचा आवाज उंच, टोकदार, थिएटरच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा. दीनानाथांचं गाणं या दोघांहून निराळं होतं. त्यात पंजाबी टप्प्याची आठवण करून देणाऱ्या वेगवान, तुटक हरकती आहेत, आणि एखादा स्वर अनपेक्षित ठिकाणाहून उचलून श्रोत्याला दचकवण्याची ताकद आहे. पुढच्या पिढीत डॉ. वसंतराव देशपांडे यांच्या गाण्यावर या शैलीचा खोल ठसा उमटला. ‘कट्यार काळजात घुसली’ या नाटकातला त्यांचा खाँसाहेब ऐकून मग दीनानाथांच्या तबकड्या ऐकल्या तर हे नातं सांगावं लागत नाही.

आता या तबकड्यांविषयी. भारतातलं व्यापारी ध्वनिमुद्रण १९०२ मध्ये सुरू झालं. ग्रामोफोन कंपनीचा फ्रेडरिक गायसबर्ग त्या वर्षी कोलकात्यात आला आणि गौहरजानसह अनेकांचे आवाज त्याने मुद्रित केले. मुद्रित केलेलं मेण जर्मनीतल्या हॅनोव्हरला जायचं आणि तिथून छापलेल्या तबकड्या बोटीने परत यायच्या. कारखान्यातल्या कामगारांना गायकाची ओळख पटावी म्हणून गायक गाण्याच्या शेवटी स्वतःचं नाव पुकारत. १९०८ मध्ये कोलकात्याच्या सियालदहला आणि नंतर १९२८ मध्ये डमडमला कारखाना झाला, तेव्हा हा समुद्रप्रवास थांबला. मुंबईतही पुढे वडाळ्याच्या यंग इंडियासारख्या देशी कंपन्या निघाल्या.

१९२५ पर्यंत व्यापारी रेकॉर्डिंगला मायक्रोफोन जवळजवळ नव्हताच. गायक एका मोठ्या कर्ण्यात गायचा. कर्ण्याच्या अरुंद टोकाला पातळ पडदा, पडद्याला जोडलेली सुई, आणि सुईखाली फिरणारी मेणाची जाड चकती. आवाजाची ऊर्जा हीच एकमेव ऊर्जा. मध्ये वीज नाही, आवाज मोठा करणारं काही नाही. म्हणून हळू गाणाऱ्याचा आवाज मेणावर उमटतच नसे, आणि तार सप्तकात जोरदार तान आली तर सुई चरातून उसळे. अशा वेळी गायकाला हाताला धरून मागे ओढावं लागे. या पद्धतीने साधारण अडीचशे ते अडीच हजार हर्ट्झ एवढ्याच पट्ट्यातले ध्वनी टिकत. त्यामुळे जुन्या तबकड्यांत तबल्याची चाट ऐकू येते पण बायाँचा घुमारा जवळजवळ नाहीसा झालेला असतो. तो दोष वादकाचा नाही.

मायक्रोफोन आला तसं हे चित्र पालटलं. ‘संन्यस्त खड्ग’ १९३१ चं, म्हणजे विजेच्या रेकॉर्डिंगच्या काळातलं. त्या पदांत श्वास ऐकू येतो, शब्दांवर ओठ मिटताना ऐकू येतात, ऑर्गनचे स्वर भरीव वाटतात. याच कंपनीच्या या तबकड्यांशेजारी कर्ण्याच्या जमान्यातल्या इतर कंपन्यांच्या तबकड्या ठेवून ऐकल्या तर एकाच पिढीच्या गायकांना तंत्राने किती वेगळं दाखवलं हे लक्षात येतं. कर्ण्याच्या काळात ज्यांनी गाऊन घेतलं त्यांच्यावर आपण उगीच ‘ओरडून गातात’ असा शिक्का मारतो.

दहा इंची तबकडीच्या एका बाजूला साधारण तीन ते साडेतीन मिनिटं मावत. रंगमंचावर मात्र एखादं पद ‘वन्समोअर’ घेत अर्धा अर्धा तास चाले. मग तीन मिनिटांत काय बसवायचं? हा प्रश्न प्रत्येक गायकाने आपल्या परीने सोडवला, आणि याच जागी मला या तबकड्यांचं खरं आश्चर्य दिसतं. दीनानाथ मुखडा चटकन मांडतात, आलापी जवळजवळ टाळतात आणि एका श्वासात तीन-चार वेगळ्या जातींच्या ताना भरतात. हे रंगमंचावरच्या गाण्याचं कापलेलं रूप म्हणता येत नाही. तबकडीसाठी त्यांनी नवं गाणंच रचलं आहे. दुसऱ्या बाजूला कमी गाजलेल्या पदांत तानांची घाई कमी आहे, शब्द जास्त आहेत, आणि नाटकातला प्रसंग डोळ्यांसमोर उभा राहतो. नाटक म्हणून ही पदं कशी वापरली जात होती ते या दुसऱ्या प्रकारातून कळतं.

रामकृष्णबुवा वझे यांच्यामुळे या तबकड्यांना आणखी एक मोल आलं आहे. बुवा सावंतवाडी संस्थानातले. ग्वाल्हेरच्या परंपरेत शिकून त्यांनी देशभर फिरून अनवट राग आणि दुर्मीळ बंदिशी जमवल्या. त्यांच्या ‘संगीत कला प्रकाश’ या ग्रंथात त्या साठ्याचा काही भाग वाचायला मिळतो. नाटकासाठी चाली देताना त्या काळचे संगीतकार बऱ्याचदा जुन्या चिजेचा सांगाडा घेऊन त्यावर मराठी शब्द बसवत. वझेबुवांनी ‘रणदुंदुभी’ आणि ‘संन्यस्त खड्ग’साठी आपल्या पोतडीतून जे काढलं ते ठेवणीतलं होतं. म्हणून ‘बळवंत’ची एखादी विसरलेली तबकडी ऐकताना मराठी पदाच्या खाली दडलेली एखादी जुनी हिंदुस्थानी बंदिशही ऐकू येण्याची शक्यता असते. नाट्यपद दुर्लक्षित राहिलं की त्याखालची ती चीजही दुर्लक्षित राहते. बुवांच्या स्वतःच्या आवाजातल्या तबकड्याही आहेत, आणि शिष्य दीनानाथांच्या पदांशेजारी गुरूचा राग ऐकणं ही अभ्यासकाला मोठी मेजवानी आहे.

जे कधीच मुद्रित झालं नाही त्याची आठवण ठेवली तर जे झालं त्याची किंमत कळते. किर्लोस्कर मंडळीचे भाऊराव कोल्हटकर, ज्यांच्या गाण्यासाठी महाराष्ट्र वेडा झाला होता, ते फेब्रुवारी १९०१ मध्ये गेले. गायसबर्ग कोलकात्याला पोचला त्याच्या दीड वर्षाहून थोडं जास्त आधी. भास्करबुवा बखले १९२२ पर्यंत होते, बालगंधर्व आणि मास्टर कृष्णरावांचे गुरू, ‘स्वयंवर’ नाटकाच्या चालींचे जनक. त्यांच्या गाण्याची एकही तबकडी नाही. केशवराव भोसले १९२१ मध्ये अवघ्या एकतिसाव्या वर्षी गेले; त्याच वर्षी ८ जुलैला टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत बालगंधर्व आणि केशवरावांचा संयुक्त ‘मानापमान’ झाला होता. त्या रात्रीचं वर्णन शेकडो पानांवर आहे, ध्वनी मात्र एका सेकंदाचाही नाही. या पार्श्वभूमीवर दीनानाथांची कुठली तरी दुय्यम समजली गेलेली तबकडी सापडते तेव्हा ती दुय्यम कशी म्हणायची?

‘बळवंत’चा शेवट बोलपटाने केला. १९३२ मध्ये प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ आला आणि गाणारे नट पडद्यावर स्वस्तात दिसू लागले. कंपनीने स्वतःच चित्रपटात उडी घेतली आणि १९३४ मध्ये ‘कृष्णार्जुन युद्ध’ काढला. त्यातून कंपनी सावरली नाही. विश्राम बेडेकरांनी ‘एक झाड आणि दोन पक्षी’ या आत्मचरित्रात त्या दिवसांबद्दल जे लिहिलं आहे ते वाचताना मन विषण्ण होतं. दीनानाथ २४ एप्रिल १९४२ रोजी पुण्यात गेले. वय एकेचाळीस.

कंपनी संपली, मागे तबकड्या उरल्या. असंच काहीसं जर्मनीत घडलं. १९२७ च्या अखेरीला बर्लिनमध्ये हॅरी फ्रॉमरमन या तरुणाने वर्तमानपत्रात जाहिरात देऊन गायक गोळा केले आणि ‘कॉमेडियन हार्मोनिस्ट्स’ हा पाच गायक आणि एक पियानोवादक यांचा चमू बांधला. चार वर्षांत ते युरोपभर गाजले. त्यांच्यातले तिघे ज्यू होते. नाझी सत्तेवर आले, १९३४ च्या मार्चमध्ये हॅनोव्हरला त्यांचा जर्मनीतला शेवटचा जाहीर कार्यक्रम झाला आणि पुढच्या वर्षी चमू फुटला. नंतर चाळीस वर्षं सामान्य श्रोत्याला त्यांचं नावही आठवत नव्हतं. १९७६ मध्ये एबरहार्ड फेख्नर याने हयात सदस्यांना शोधून दूरदर्शनसाठी माहितीपट केला, जुन्या रेकॉर्ड नव्याने निघाल्या, आणि विसरलेला चमू पुन्हा जर्मन घरांत ऐकू येऊ लागला. दोन्ही कथांतली कारणं वेगळी आहेत, पण तिथलाही वारसा लाखेच्या तबकड्यांनीच सांभाळला, आणि तो परत आला तो कुणीतरी चिकाटीने शोधल्यामुळे.

आपल्याकडेही अशी चिकाटीची माणसं आहेत. १९९० मध्ये मुंबईत सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संस्था सुरू झाली. संस्थेचे मानद सचिव म्हणून काम केलेले डॉ. सुरेश चांदवणकर यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘द रेकॉर्ड न्यूज’ या नियतकालिकातून विस्मृतीत गेलेल्या गायकांच्या ध्वनिमुद्रिकांच्या याद्या, आठवणी, लेबलांची माहिती वर्षानुवर्षं छापली. मायकेल किनियर या ऑस्ट्रेलियन संशोधकाने ग्रामोफोन कंपनीच्या १८९९ ते १९०८ मधल्या पहिल्या भारतीय रेकॉर्डची सूची १९९४ मध्ये पुस्तकरूपाने दिली. ग्रामोफोन कंपनीच्या एचएमव्हीत १९३८ पासून काम केलेले गायक जी. एन. जोशी यांनी ‘स्वरगंगेच्या तीरी’ या पुस्तकात स्टुडिओतल्या गवयांच्या आठवणी लिहून ठेवल्या. या सगळ्यांच्या कामाशिवाय कुठली तबकडी कधी निघाली हे आज सांगताच आलं नसतं.

तबकडी ओळखण्याची मुख्य किल्ली म्हणजे मॅट्रिक्स क्रमांक. लेबलवर गायकाचं नाव, नाटकाचं नाव आणि कॅटलॉग क्रमांक असतो. पण लेबलभोवतीच्या चकचकीत, विनाचराच्या पट्टीवर एक वेगळा क्रमांक कोरलेला असतो, तो रेकॉर्डिंगच्या वेळी मेणावर दिलेला. हे क्रमांक ओळीने लावले की एका बैठकीत कोणकोण कुठल्या क्रमाने गायलं याचा अंदाज येतो. काही वेळा त्याच पदाची दोन वेगळी मुद्रणंही सापडतात, आणि गायकाने दुसऱ्या वेळी कुठली तान बदलली ते समोरासमोर ठेवून पाहता येतं. साथीदारांची नावं लेबलवर नसतात, हा मराठी ध्वनिमुद्रिकांचा मोठा अन्याय आहे. बालगंधर्वांच्या गंधर्व नाटक मंडळीत अहमदजान थिरकवा तबल्याला आणि कादरबक्ष सारंगीला होते. एवढे मोठे वादक असूनही तबकडीवर ते अनामिकच.

वेगाचा प्रश्नही असाच बारीक आहे. तबकडीवर ७८ लिहिलेलं असलं तरी जुन्या काळी मेण नेमक्या ७८ फेऱ्यांनी फिरत असेलच असं नाही. मिनिटाला साडेचार-पाच फेऱ्यांचा फरक पडला की गाणं एका पूर्ण अर्धस्वराने वर किंवा खाली जातं. दीनानाथांचा आवाज मुळात कसा होता हे ठरवायचं तर ऑर्गनचा आधार घ्यावा लागतो, कारण ऑर्गनचे स्वर ठरलेले असतात. वेगवेगळ्या वाद्यांच्या सुरावटीत त्या काळीही थोडा फरक असे, पण ऑर्गन दोन पट्ट्यांच्या मध्येच कुठेतरी वाजतोय असं ऐकू आलं तर वेग चुकला आहे हे जवळपास नक्की.

आणखी एक गोष्ट मला विलक्षण वाटते. लाख, दगडाची पूड, कापसाचे तंतू आणि काजळी यांच्या मिश्रणाची ही तबकडी कठीण असते आणि पोलादी पिनेला झिजवते. म्हणून दर बाजूला नवी पिन लावायची असे. पण पिनेने चरही झिजतात. शंभर ग्रॅमहून जास्त वजन त्या इवल्याशा टोकावर असे. त्यामुळे सगळ्यांची आवडती तबकडी पुन्हा पुन्हा वाजून खरखरत राहते, आणि जी कुणाला फारशी आवडली नाही ती दोन-चारदा वाजून बाजूला पडते. आज तिच्यातूनच गायकाचा आवाज स्वच्छ येतो. गाजलेल्या पदांत जो दीनानाथ खरखरीमागे लपला आहे, तो कमी गाजलेल्या पदांत समोर बसलेला ऐकू येतो.

झिजलेल्या चरांवरही आता उपाय आहेत. ७८ च्या चराला सुमारे ०.०७५ मिलिमीटर त्रिज्येची सुई लागते, एलपीला त्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून मोठी लागत नाही. थोड्या वेगळ्या मापाची सुई वापरली की चराच्या भिंतीचा न झिजलेला भाग वाचता येतो. त्यापुढचं पाऊल म्हणजे सुईच न लावणं. अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत कार्ल हेबर आणि विताली फादेयेव यांनी चरांची अतिसूक्ष्म छायाचित्रं घेऊन त्यांवरून संगणकाने आवाज काढायची पद्धत विकसित केली. दोन तुकडे झालेली तबकडीही अशा पद्धतीने वाचता येते. फ्रान्समधल्या एदुआर-लेओं स्कॉत द मार्तँव्हिल याने १८६० मध्ये काजळी फासलेल्या कागदावर आवाजाच्या नुसत्या रेघा ओढून घेतल्या होत्या. २००८ मध्ये त्याच प्रयोगशाळेच्या मदतीने त्या रेघांतून एका फ्रेंच लोकगीताचे सूर ऐकायला मिळाले. ज्या माणसाने त्या रेघा ओढल्या, त्याला स्वतःला तो आवाज पुन्हा ऐकता येईल अशी कल्पनाही नव्हती.

कायद्याचाही मुद्दा समजून घ्यायला हवा. भारतीय प्रताधिकार कायद्यानुसार ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं टिकतो. १९३१ च्या तबकड्या त्या दृष्टीने केव्हाच मोकळ्या झाल्या. पण शब्दांचा हक्क लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षं असतो. सावरकरांचं निधन १९६६ चं, म्हणजे त्यांच्या पदांच्या शब्दांवरचा हक्क २०२६ अखेरपर्यंत आहे. वझेबुवा १९४५ मध्ये गेले, त्यांच्या चालींचा हक्क केव्हाच संपला. संग्रह करणाऱ्याने हा फरक ध्यानात ठेवावा.

आता पुन्हा रत्नागिरीकडे येतो. रेल्वे येण्याआधीच्या कोकणात मुंबईशी नातं बोटीने बांधलेलं होतं. मुंबई–गोवा वाटेवर रत्नागिरी, जैतापूर, विजयदुर्ग, मालवण अशा बंदरांवर बोटी लागत, आणि चाकरमानी घरी येताना मुंबईतलं नवं काही घेऊन येत. चावीचा ग्रामोफोन आणि नाट्यपदांच्या तबकड्या या घरांत आल्या त्या याच वाटेने. आजही संगीत नाटक ज्या मोजक्या गावांत मनापासून पाहिलं जातं त्यांत रत्नागिरी आहे. खल्वायन ही इथली संस्था संगीत नाटकं बसवते. राज्य संगीत नाट्य स्पर्धेचे प्रयोग स्वातंत्र्यवीर सावरकर नाट्यगृहात झाले आहेत आणि आर्ट सर्कलने थिबा राजवाड्यावर संगीत महोत्सव भरवले आहेत. १८२८ मध्ये स्थापन झालेलं इथलं जिल्हा नगर वाचनालय महाराष्ट्रातल्या सर्वांत जुन्या वाचनालयांपैकी आहे. ज्या गावात ‘संन्यस्त खड्ग’च्या लेखकाने तेरा वर्षं काढली, त्या गावात त्या नाटकाच्या आणि त्या कंपनीच्या तबकड्यांचा एक जाहीर, ऐकता येण्याजोगा संग्रह असायला हवा, असं माझं ठाम मत आहे. हे काम नगर वाचनालयासारख्या संस्थेने आणि नाट्यसंस्थांनी मिळून करण्याजोगं आहे. त्यासाठी फार मोठी इमारत लागत नाही. कोरडी खोली, नीट याद्या आणि जाणकार माणूस एवढं पुरे.

तोवर घराघरांत जे आहे ते वाचवता येईल. कोकणातली दमट हवा तबकडीवर बुरशी आणते आणि वाळवी तिची कागदी खोळ खाते. म्हणून माळ्यावर, जमिनीला लागून किंवा कौलांखालच्या उन्हात तबकड्या ठेवू नका. आडव्या थप्प्या लावू नका, पुस्तकांसारख्या उभ्या ठेवा. स्पिरिट किंवा अल्कोहोल असलेला कोणताही द्रव लावू नका; लाख त्यात विरघळते आणि चर कायमचे जातात. ऊर्ध्वपातित पाण्यात साबणाचा थेंब टाकून, लेबल कोरडं ठेवून, मऊ कापडाने गोल दिशेनेच पुसा आणि सावलीत वाळू द्या. जुन्या पोलादी पिनेने कौतुकासाठी वाजवू नका. एलपीच्या सुईवरही नको. तडा गेलेली किंवा तुटलेली तबकडी टाकून देऊ नका, तुकडे एकत्र ठेवा. आधी दोन्ही बाजूंच्या लेबलांचा स्पष्ट फोटो काढा, लेबलबाहेर कोरलेला क्रमांक लिहून घ्या आणि ती माहिती संग्राहकांच्या संस्थेला किंवा जवळच्या वाचनालयाला द्या. आणि लेबलवर ओळखीचं नाव नाही म्हणून कुठलीही तबकडी भंगारात घालू नका. आजी-आजोबांच्या पेटीत ‘बळवंत’ची तबकडी निघालीच, तर ती कुणाला विकण्याआधी एकदा तिचं नीट ध्वनिमुद्रण करून घ्या.